नाशकात बसून लाटांचा अभ्यास: नुसत्या उंचीवर जाऊ नका

हवामानबदल आणि किनाऱ्यावरच्या लाटा हा माझा विषय, आणि मी नाशिकची. तुम्हीही इथे बसून यात संशोधन करणार असाल, तर ‘गोदेला लाटा येतात का गं?’ हे तुम्हालाही ऐकावं लागेल. सोडून द्या. एरा-५ (जुनी मोजमापं आणि मॉडेल जुळवून केलेली जगभरच्या हवामानाची आणि लाटांची नोंद) चा डेटा युरोपच्या कोपर्निकस या संकेतस्थळावर फुकट मिळतो, १९४० पासूनचा, तासातासाचा. फक्त कोकणापुरता चौकोन मागा. अख्खा हिंदी महासागर मागितलात तर लॅपटॉप मान टाकेल.

कोडला हात लावण्याआधी वाऱ्याच्या दिवशी गंगापूर धरणावर जा. दोनेक सेकंदांनी येणाऱ्या बुटक्या लाटा, वारा पडला की संपल्या. मग जानेवारीत पहाटे रत्नागिरीला भाट्याच्या किनाऱ्यावर उभे राहा. वारा नाही, तरी लांब लाटा संथपणे येतच असतात. हा स्वेल. ४० अंश दक्षिणेपलीकडच्या वादळांत उठतो, दिवसाला साधारण हजार किलोमीटर चालतो. ३१ मार्च २०२४ ला केरळात जवळपास वादळ नसताना घरांत पाणी शिरलं, ते अशाच स्वेलने.

आता खरी गोम. एरा-५ मधली नेहमीची उंची, कालावधी (एका लाटेपासून दुसरीपर्यंतचा वेळ) आणि दिशा (लाट कुठून येते, उत्तरेपासून अंशांत) सगळ्या लाटांची मिळून असते. समजा वायव्येच्या वाऱ्याची एक मीटरची लाट आहे: ५ सेकंद, ३१० अंश. त्याच वेळी नैऋत्येकडून एक मीटरचा स्वेल येतोय: १४ सेकंद, २१० अंश. एकत्र उंची १.४ मीटर, दोन नव्हे, कारण बेरीज उंच्यांच्या वर्गांची होते. सरासरी दिशा २६० च्या आसपास, म्हणजे पश्चिम. पश्चिमेकडून एकही लाट येत नाहीये! उद्या दक्षिण महासागरातले वारे जोर धरून स्वेल थोडा वाढला, की ही सरासरी दक्षिणेकडे झुकणार आणि तुम्ही लिहिणार, ‘लाटा वळल्या’. वळलं कुणीच नाही, एकाचा वाटा वाढला. वाळू कुठल्या बाजूला सरकणार हे लाटांच्या कोनावर ठरतं, त्यामुळे ही चूक थेट किनाऱ्याच्या अंदाजात उतरते. वर ऊर्जेचा प्रवाह म्हणजे उंचीचा वर्ग गुणिले कालावधी. तेवढ्याच उंचीचा स्वेल जवळजवळ तिप्पट ऊर्जा आणतो. तेव्हा स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा पहिल्या दिवसापासून वेगळ्या उतरवा, दोन्ही तिथेच असतात. माझे कित्येक आठवडे यात गेले.

यूट्यूबवरचे तयार कोड मला पटत नाहीत. त्यांतले काही ३५० आणि १० अंशांची सरासरी १८० काढून मोकळे होतात, म्हणजे उत्तरेची थेट दक्षिण. गाइडचंही तसंच. ‘पेपर कधी?’ विचारणाऱ्यापेक्षा ‘स्पेक्ट्रम (कुठल्या कालावधीच्या लाटांत किती ऊर्जा, तो आलेख) काढून दाखव’ म्हणणारा धरा, तापट असला तरी.

गणित कच्चं असेल तर घाबरू नका, ते होतं. पण दहा वर्षांच्या डेटावरून ‘हवामानबदल’ म्हणू नका, तीस तरी हवीत. तिथेही जपून: एरा-५ मध्ये उपग्रहांनी मोजलेली उंची १९९१ पासून मिसळली आहे, त्यामुळे आधीचा आणि नंतरचा काळ डोळे झाकून एका रेषेत ओढू नका, आणि अलीकडची वर्षं इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती संस्थेच्या रत्नागिरी बोयाशी (समुद्रात तरंगणाऱ्या मोजयंत्राशी) ताडून बघा. लाटांसाठी एरा-५ ची जाळी अर्ध्या अंशाची आहे, म्हणजे एकेक चौकोन पन्नासेक किलोमीटरचा. भाट्याची खाडी तिला दिसतच नाही, तिथे ‘स्वान’ हे किनाऱ्याजवळच्या लाटांचं मॉडेल चालवावंच लागतं.