वनस्पती-स्टेरॉल: कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी ताटात काय वाढवावे

कोलेस्टेरॉल वाढल्याचा अहवाल हाती आला की काय बंद करावे हे सगळेच विचारतात. ताटात काय वाढवावे हे मात्र क्वचितच विचारले जाते. माझ्या मते त्या यादीत वनस्पती-स्टेरॉल अवश्य असावे.

तीळ, शेंगदाणे, डाळी, धान्याचा कोंडा आणि खाद्यतेले यांत असणाऱ्या या द्रव्याची रचना कोलेस्टेरॉलशी मिळतीजुळती असते. पित्तरसामुळे आतड्यात जे सूक्ष्म स्निग्ध कण तयार होतात, त्यांत शिरूनच कोलेस्टेरॉल शोषले जाते. स्टेरॉल तीच जागा अडवते आणि बरेचसे कोलेस्टेरॉल मलावाटे निघून जाते. यकृताने पित्तात सोडलेले कोलेस्टेरॉलही यात अडते, म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही याचा लाभ होतो.

रोज सुमारे २ ग्रॅम स्टेरॉल पोटात गेल्यास एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, साधारण ८ ते १० टक्के उतरते. नेहमीच्या जेवणातून मात्र २०० ते ४०० मिलिग्रॅमच मिळते. २ ग्रॅमचा पल्ला मुद्दाम स्टेरॉल मिसळलेल्या पदार्थांनी किंवा गोळ्यांनीच गाठता येतो, आणि त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.

तरीही घरच्या जेवणातील बदल वाया जात नाही. वनस्पती तुपाऐवजी तिळाचे किंवा राईस ब्रान तेल वापरावे, पण तेलाचे एकूण प्रमाण वाढवू नये. तीळ मंद आचेवर भाजावेत, तडतडू लागताच उतरवावेत आणि खलबत्त्यात जाडसर कुटून भाजीवर किंवा कोशिंबिरीवर घालावेत. अख्खे तीळ पुष्कळदा न पचताच बाहेर पडतात. स्टेरॉल नेहमी जेवणासोबतच घ्यावे, कारण पित्तरस तेव्हाच भरपूर स्रवतो.

जादा स्टेरॉलमुळे कॅरोटीनचे (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते त्या द्रव्याचे) शोषण थोडे घटते, म्हणून गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या रोज खाव्यात. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध चालू असेल तर ते स्वतःहून मुळीच थांबवू नये. स्टेरॉल त्याला पूरक आहे, पर्याय नव्हे. सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक विकार असणाऱ्यांनी स्टेरॉलच्या गोळ्या टाळाव्यात, आणि गरोदर व स्तनदा मातांनीही त्या घेऊ नयेत.

परिणाम दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतो, परंतु सेवन थांबले की तो ओसरतो. म्हणून बदल सलग पाळून दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (रक्तातील कोलेस्टेरॉल व इतर स्निग्ध घटकांची तपासणी) पुन्हा करून घ्यावे आणि दोन्ही अहवाल शेजारी ठेवून डॉक्टरांना दाखवावेत.