कंपनीचे अनुभवपत्र मिळत नसेल तर
नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्यातील जुना कारखाना बंद पडला असेल, तरी कॅनडाच्या स्थलांतर अर्जातून तेथील अनुभव वगळू नये. भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचे प्रमाणपत्र) आणि पगार जमा झाल्याची बँक विवरणपत्रे यांवरून नोकरीचा काळ व वेतन दाखवता येते. मात्र आपण नेमके कोणते काम करत होतो हे त्यांतून कळत नाही, आणि खरी अडचण तिथेच येते. म्हणून तेव्हाच्या वरिष्ठांकडून पदनाम, जबाबदाऱ्या व आठवड्याचे तास नमूद केलेले प्रतिज्ञापत्र घ्यावे, ते नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील जिल्हा न्यायालय परिसरात नोटरीसमोर करावे आणि ते वरिष्ठ स्वतः तेथे नोकरीस असल्याचा पुरावाही जोडावा. पत्र का मिळाले नाही याचा खुलासा स्वतंत्रपणे लिहावा; मालकाला पाठवलेले आणि परत आलेले नोंदणीकृत टपाल असल्यास ते पाकीट न फोडता जपावे.