तांदळाच्या स्टार्चवर काम करताय? या चुका टाळा

तांदळाच्या स्टार्चवरचे प्रकल्प तपासायला घेतले की दर खेपेला त्याच चुका समोर येतात. रीडिंग घ्यायची घाई सगळ्यांना असते, दाण्याच्या आत काय रचलंय ते समजून घ्यायचा मात्र कंटाळा.

सगळ्यात चिवट गैरसमज स्टार्चच्या दोन घटकांबद्दलचा, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. तो असा: अमायलोज सरळ साखळीचं, म्हणून स्फटिक त्याचे, अमायलोपेक्टिनला फांद्या, म्हणून ते अस्ताव्यस्त. ऐकायला पटतं, पण आहे नेमकं उलट. दोन्ही ग्लुकोजचेच बनलेले. साखळीतले जोड अल्फा 1-4, फांदी फुटते तिथे अल्फा 1-6. अमायलोपेक्टिनमध्ये हे फांदीचे जोड सुमारे 5 टक्के. पण फांद्या वाटेल तिथे नाही, झुपक्यांनी फुटतात. झुपक्यातल्या आखूड साखळ्या जोडीजोडीने पीळ घेतात आणि या दुहेरी पिळांची रास लागते तोच स्फटिकी थर. हा थर आणि त्याला लागून असलेला फांद्यांचा सैल थर मिळून जाडी जेमतेम 9 नॅनोमीटर. अमायलोज बहुतांशी अस्फटिकी भागात असतं. पटत नसेल तर चिकट तांदूळ घ्या. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, तरी एक्स-रे आलेखात स्फटिकांची खूण असलेली (ए-प्रकारची) शिखरं ठसठशीत दिसतात. अमायलोपेक्टिनची आकृती कशाही फांद्या फुटलेली काढून आणली, तर मी ती परत काढायला लावतो.

दुसरी चूक आयोडीन चाचणीतली. आयोडीन अमायलोजच्या पिळात शिरलं की निळा रंग येतो, आणि त्याच्या गडदपणावरून अमायलोज मोजतात. एका विद्यार्थ्याच्या सगळ्या नमुन्यांचं अमायलोज हास्यास्पद कमी येत होतं. शिजवल्यावर दाणा न् दाणा सुटा राहणारं वाण त्याच्या वहीत चिकट तांदळाच्या पंगतीला बसलं होतं. पठ्ठ्याने आयोडीनचं द्रावण पुन्हा बनवलं, यंत्राला दोष दिला, शेवटी ‘वाणच भेसळीचं आहे’ असा निकाल लावून मोकळा झाला. मी शेजारी उभं राहून बघितलं. आयोडीन पडताच निळा रंग यायचा आणि बघता बघता फिका व्हायचा. पीएच पट्टी बुडवली, तर ती आम्लारीची साक्ष देत होती. वेळ वाचावा म्हणून त्याने ॲसेटिक आम्ल ‘अंदाजाने दोन थेंब’ टाकलं होतं! आम्लारीत आयोडीन टिकतच नाही. त्याचं आयोडाइड आणि आयोडेट होतं, मग अमायलोजच्या पिळात शिरणार कोण?

नेहमीच्या पद्धतीत 100 मिलिग्रॅम पीठ 1 मिली इथेनॉलने भिजवतात, 9 मिली 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घालून उकळत्या पाण्यात विरघळवतात आणि 100 मिली करतात. त्यातल्या 5 मिलीला 1 मिली 1 मोलर ॲसेटिक आम्ल लागतं. निम्म्याहून थोडं कमी आम्ल सोडा (म्हणजे ते सोडियम हायड्रॉक्साइड) मारण्यात जातं, उरलेलं आम्ल आणि तयार झालेलं ॲसिटेट मिळून पीएच 4.7 च्या आसपास धरून ठेवतात. त्या 1 मिलीत असा हिशेब आहे, तो थेंबांवर भागत नाही. मी आम्लाची बाटली नेहमी आयोडीनच्या पुढे ठेवतो आणि आधी ब्लँक, म्हणजे पीठ सोडून बाकी सगळं घातलेला फ्लास्क, बनवतो. ब्लँक पिवळसर राहिला तरच पुढचे फ्लास्क.

इथेनॉलची पायरी वगळणाऱ्यांबद्दल काय बोलावं! सोडा थेट कोरड्या पिठावर ओतला की बाहेरून चिकट आणि आत कोरड्या गुठळ्या होतात. त्या उकळून जात नाहीत. तो फ्लास्क फेकून द्या.

पिठातली चरबी आयोडीनची जागा अडवते, म्हणून ती आधी काढतात; पण हेक्झेन या द्रावकाने धुतलं म्हणजे ती गेली असं समजू नका. अमायलोजच्या पिळात अडकलेले लिपिड (चरबीचे रेणू) त्याला दाद देत नाहीत. गरम, पाणी मिसळलेला अल्कोहोल लागतो.

प्रमाण आलेख (रंगावरून अमायलोजचा आकडा वाचायचा तो) नुसत्या शुद्ध अमायलोजवर काढू नका. अमायलोपेक्टिनही थोडं आयोडीन धरतं, म्हणून आकडा फुगतो. प्रमाण द्रावणांत चिकट तांदळाचा स्टार्च मिसळा, आणि तरीही निकालात ‘आभासी अमायलोज’ असंच लिहा.

अमायलोजच्या आकड्यावरून जिलेटिनीकरणाचं, म्हणजे पाण्यात तापवल्यावर स्टार्चचे कण फुगून त्यांची स्फटिकी रचना मोडण्याचं, तापमान सांगू नका. ते मुख्यतः अमायलोपेक्टिनच्या आखूड साखळ्यांच्या लांबीवर ठरतं. 20 टक्के अमायलोजवाली दोन वाणं वेगवेगळ्या तापमानाला फुगू शकतात.

सूक्ष्मदर्शकाखाली ‘कण दिसत नाहीत’ ही तक्रार घेऊन येण्याआधी भिंग बदला. तांदळाच्या स्टार्चचे कण साधारण 3 ते 8 मायक्रॉनचे, कोनाकोनांचे, एकमेकांना बिलगलेले असतात. 10 पटींच्या भिंगाखाली धूळच दिसणार.