शिक्का खरा, पंचनामा खोटा

कारंजा लाडजवळच्या आमच्या शिवारात समृद्धी महामार्गाचं काम सुरू झालं, तेव्हा मी बारावीत होतो. आज गाड्या एकमेकींशी आणि रस्त्यावरच्या सिग्नलशी जे बोलतात, त्या बोलण्याची सुरक्षा तपासणं हे माझं काम. गावाकडची पोरं विचारतात, "दादा, सुरुवात कुठून करू?"

माझी सुरुवातच चुकली होती. सुरक्षा म्हणजे माहिती लपवणं, असं धरून सहा महिने नुसतं एन्क्रिप्शन घोकलं. इथे तर गाडीला जागा, वेग, दिशा, ब्रेक हे सगळं सेकंदाला साधारण १० वेळा उघडपणे ओरडून सांगायचं असतं. ओरडणारी खरंच गाडी आहे, की धुऱ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला कोणी, एवढाच प्रश्न. म्हणून प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेचं १६०९.२ हे मानक त्यासाठीच आहे. भोवती १०० गाड्या असल्या तर सेकंदाला हजारेक सह्या तपासायच्या. त्यात सही एकच ठेवली तर गाडीचा माग निघतो, म्हणून सही कोणाची हे सांगणारी प्रमाणपत्रं टोपणनावानं घ्यायची आणि बदलत राहायची.

हे बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "शिक्का खरा असला म्हणून पंचनामा खरा असते काय रे? सोयाबीन बुडालं तवा पाह्यलं नाही तू?"

या क्षेत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न नेमका हाच. प्रमाणपत्र अस्सल, पण गाडीच बिघडलेली किंवा कोणी ताब्यात घेतलेली. ती नसलेला अपघात कळवते. सही तिथे काही करू शकत नाही. संदेशातला वेग आणि जागा एकमेकांशी जुळतात का, शेजारच्या गाड्या काय सांगतात, हे ताडून पाहावं लागतं. मुलाखतीत मला यावरच विचारलं होतं.

शिकायला महाग काही लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, त्यात आभासी 'कॅन बस' फुकट उभी करता येते. कॅन बस म्हणजे गाडीचे आतले भाग ज्यावरून एकमेकांशी बोलतात ते जाळं. या जाळ्यात पाठवणाऱ्याची ओळख तपासलीच जात नाही, हे स्वतः खोटा संदेश पाठवून पाहिलं की डोक्यात बसतं. मग २०१५ चं जीप चेरोकी प्रकरण वाचा. मोबाइल नेटवर्कवरून गाडीच्या यंत्रणेत शिरकाव झाला आणि सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. रहदारीसाठी 'सुमो' नावाचं मोफत सिम्युलेटर आहे (टाटांची नव्हे).

खऱ्या गाडीवर मात्र प्रयोग नको. मी काकांच्या गाडीवर केला, डॅशबोर्डचे सगळे दिवे एकदम लागले. काका अजून मला चावी देत नाहीत.