आबुएलिताला, म्हणजे आजीला, सांभाळणाऱ्यांचा ग्रुप सुरू करायचाय? मग हे वाचा

आम्ही सॅन अँटोनिओला राहतो, टेक्सासमध्ये. इथे निम्म्याहून जास्त लोक हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी नातं असलेले, त्यामुळे विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांना घरी सांभाळणाऱ्या अशा लोकांच्या, चर्चच्या हॉलमध्ये चालणाऱ्या ग्रुपला खुर्च्या लावायला म्हणून गेले आणि अडकले ती अडकलेच. माझं स्पॅनिश भाजी आणण्यापुरतं, तरी जे बघितलं ते लिहितेय, कारण कोणीतरी विचारलं होतं की असा ग्रुप काढायचा तर सुरुवात कुठून करायची.

सगळ्यात आधी पोस्टरवर 'केअरगिव्हर' लिहू नका, आणि स्पॅनिशमध्ये 'कुइदादोरा' लिहिलं तरी फारसा फरक पडत नाही. आईचं डायपर बदलणारी, रात्री तीनदा उठणारी बाई स्वतःला केअरगिव्हर समजतच नाही, ती म्हणते मी मुलगी आहे. (आपल्याकडची सून वेगळं काय म्हणते?) त्यापेक्षा 'आईवडिलांना विसरायला होतंय का? या, कॉफी घेऊ, बोलू' असं काहीतरी लिहा. मीटिंग न म्हणता 'प्लातिका' म्हणा, म्हणजे गप्पा. आणि 'कार्गा' म्हणजे ओझं हा शब्द तर अजिबात नको, आईला ओझं म्हणायचं म्हटल्यावर ती उठून घरी जाईल.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच खरी: दोन तास आजीला कोण बघणार? ह्याचं उत्तर नसेल तर ग्रुप काढूच नका. आमच्याकडे पहिल्या दोन वेळेला तिघीच आल्या, कारण म्हाताऱ्या माणसाला एकटं टाकून कोण येणार. मग शेजारची खोली घेतली, दोन व्हॉलंटियर बसवल्या आणि लोतेरिया सुरू केली. लोतेरिया म्हणजे आपली हाउजीच समजा, फक्त आकड्यांऐवजी ५४ चित्रं असतात, कोंबडा, चंद्र वगैरे, आणि खुणेला राजम्याचे दाणे ठेवायचे. ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्यातल्या काहींना चित्रांची नावं बरोबर येतात.

वेळ रविवारी प्रार्थनेनंतरची ठेवा, पण सगळेच कॅथलिक नसतात, इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातले, पण बरेच असतात, म्हणून धर्माचं काही सक्तीचं करू नका. पान दुल्से, म्हणजे गोड पाव, आणि कॉफी हवीच, सोबत बिनसाखरेचं पण काहीतरी असू द्या कारण डायबेटिस घरोघरी आहे. मोठ्यांना 'तू' नाही, 'उस्तेद' म्हणायचं आणि नावाआधी डॉन किंवा डोन्या लावायचं, हे मराठी माणसाला सांगायला नको. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका मात्र. प्वेर्तो रिकोची माणसं १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, मेक्सिको किंवा ग्वातेमालाहून आलेल्या एखाद्याच्या घरात अमेरिकेत राहायच्या परवानगीच्या कागदांची भीती असू शकते. म्हणून दारात रजिस्टर ठेवून पत्ता-बित्ता लिहून घेऊ नका, पहिलं नाव पुरे, आणि कागद आहेत का हा प्रश्न कधीच नाही.

ग्रुप चालवायला सायकॉलॉजिस्टच पाहिजे असं नाही. प्रोमोतोरा असते, म्हणजे त्याच वस्तीतली ट्रेनिंग घेतलेली आरोग्य कार्यकर्ती, आपली आशाताईच जवळजवळ, तिच्यावर लोकांचा विश्वास लवकर बसतो. आणि फक्त मुलींना बोलावू नका, कोमाद्रे (मुलाची धर्ममाता किंवा जिवाभावाची मैत्रीण), शेजारीण, औषधं आणून देणारा पुतण्या, ही सगळी माणसंपण सांभाळतातच ना. भाषांतराला नातवाला बसवू नका, बारा वर्षांच्या पोराने आईचं रडणं इंग्लिशमध्ये सांगायचं हे बरं नाही.

सुरुवातीला आजारावर लेक्चर नको. 'तुमची आई चांगली असताना काय बनवायची?' विचारा, तमालेपासून (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) सुरू होतं आणि अर्ध्या तासात भावाने हात वर केलेत तिथपर्यंत पोचतं. भाऊ हा विषय दर वेळी येतो, येऊ द्या.

मग कामाची माहिती द्या, एका वेळी एकच. २००० सालापासून केंद्र सरकारचा नॅशनल फॅमिली केअरगिव्हर सपोर्ट प्रोग्रॅम आहे, त्यात ६० च्या पुढच्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्यांना सल्ला, ट्रेनिंग आणि सांभाळण्यातून थोड्या वेळाची सुट्टी मिळू शकते, चौकशी आपल्या भागातल्या एरिया एजन्सी ऑन एजिंगकडे करायची. अल्झायमर्स असोसिएशनची हेल्पलाइन २४ तास असते, ८००-२७२-३९००, तिथे स्पॅनिशमध्ये बोलता येतं. नंबर नुसता सांगू नका, तिथेच बसून फोन लावून द्या.

आणि कोणाची आई गेली तर तिला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढू नका. बऱ्याच घरी नऊ दिवस संध्याकाळी माळ जपतात, नोवेनारिओ म्हणतात त्याला, तिथे दोघींनी तरी जायचंच. आमच्याकडे अशा दोघी आता शेजारच्या खोलीत लोतेरियाचे पत्ते पुकारतात.