कोकमतेलाच्या साबणावर ‘प्राण्यांवर चाचणी नाही’ छापण्याआधी

मालवण-वेंगुर्ल्याकडे रातांब्याच्या बियांच्या तेलाचा साबण करून विकणाऱ्या गटांसाठी ही माहिती आहे.

भारतात सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या मे २०१४ पासून बंद आहेत. नोव्हेंबर २०१४ पासून तशी चाचणी केलेला माल आयातही करता येत नाही. म्हणजे साबणाच्या तयार वडीपुरतं हे वाक्य छापणं म्हणजे कायदा पाळला, इतकंच. खरा प्रश्न कच्च्या मालाचा. कोकमतेल, खोबरेल घरचं असतं. सुगंध आणि रंग शहरातून येतात. त्यांचं लेखी पत्र घ्या, तेही उत्पादकाचं. डबे भरून विकणाऱ्या व्यापाऱ्याला घटकाचा इतिहास माहीत नसतो. पत्रात घटकाचं नाव, बॅच आणि ‘सौंदर्यप्रसाधनासाठी आम्ही किंवा आमच्या वतीने कोणीही अमुक तारखेनंतर प्राण्यांवर चाचणी केलेली नाही’ हे वाक्य हवं. तारीख हवीच, कारण सशाच्या डोळ्यांत पदार्थ घालून तपासण्याची ड्रेझ पद्धत १९४४ची आहे आणि जुने बरेच घटक त्यातून गेलेत. ‘कधीच नाही’ या शब्दावर विसंबू नका.

‘त्वचा मऊ राहते’ लिहा. ‘खरूज जाते’ लिहिलंत की तो औषधाचा दावा झाला. त्याचा परवाना वेगळा, आणि औषधांच्या प्राण्यांवरील चाचण्या आपल्याकडे बंद नाहीत. मार्च २०२३ मध्ये पेशींवरच्या चाचण्यांसारखे पर्याय नियमांत आले, पण ते सक्तीचे नाहीत.

आता सुरक्षिततेचं. ससा वाचवून गिऱ्हाईकाच्या कातडीवर प्रयोग करणं आम्हांला मान्य नाही, म्हणून कॉस्टिकचा, म्हणजे तेलाचा साबण करणाऱ्या कॉस्टिक सोड्याचा, हिशेब चोख हवा. एक ग्रॅम तेलाला किती ग्रॅम कॉस्टिक लागतो, तो आकडा प्रत्येक तेलाचा वेगळा. खोबरेल ७०० ग्रॅम × ०.१८३ = १२८.१, कोकमतेल ३०० ग्रॅम × ०.१३५ = ४०.५. एकूण १६८.६ ग्रॅम, कॉस्टिक शिल्लक राहू नये म्हणून त्यातून ५ टक्के कमी करून १६० ग्रॅम घ्या. वाटीने मापू नका, वजन करा. कॉस्टिक पाण्यात टाका, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतू नका. हातमोजे आणि चष्मा हवाच. पावसाळ्यात उघडा राहिलेला कॉस्टिक दमट होतो. वजन तेवढंच दिसतं, जोर कमी असतो. मग कोणी अंदाजाने चमचाभर वाढवतं आणि पुढच्या ताज्या डब्याला तोच चमचा लागून साबण झोंबतो.

दुसरी चूक तापमानाची. कोकमतेल ४० अंशांच्या आसपास वितळतं. मिश्रण त्याखाली गेलं तर तेल नुसतं गोठून दाट दिसतं आणि आत कॉस्टिकच्या गाठी राहतात. मिश्रण ४५-५० अंशांवर ठेवा. वड्या ४ ते ६ आठवडे वाळवा, मग वडी ओली करून तिच्यावर पीएच पट्टी (साबण किती तीव्र आहे ते रंगावरून दाखवणारा कागद) लावा. ९ ते १० ठीक. ११च्या वर गेली तर ती बॅच विकू नका.

त्वचेची पट्टी-चाचणी (माणसाच्या त्वचेवर पट्टीखाली साबण ठेवून लाली येते का ते पाहणं) प्रयोगशाळेकडून, त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करून घ्या. साबण विरळ न करता पट्टीखाली ठेवला तर चांगला साबणही लाली आणतो आणि निष्कर्ष फसतो. स्वयंसेवकांची लेखी संमती घ्या, मुलांना घेऊ नका. गटाचं कर्ज डोक्यावर असलेल्या सदस्याला नाही म्हणणं अवघड जातं. तिला विचारूच नका.