दिवाळीच्या बरण्या, आषाढातली तयारी

दिवाळीत घरी केलेल्या सुगंधी मेणबत्त्या द्यायच्या असतील किंवा नाशिकमध्ये डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या एखाद्या प्रदर्शनात मांडायच्या असतील, तर कॅलेंडर दिवाळीकडून मागे वाचत या. सोया मेणाची सुगंधी मेणबत्ती ओतल्यावर दोन आठवडे तशीच ठेवावी लागते, मुरलेल्या लोणच्यासारखी; त्याआधी पेटवली तर वास कच्चा येतो. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीसेक दिवस असतात. म्हणजे द्यायचा किंवा विकायचा माल दसऱ्यापर्यंत ओतून झालेला हवा, आणि चाचण्या त्याच्याही आधी. चाचणीची एक फेरी, म्हणजे ओतणं, मुरवणं आणि थोडं थोडं जाळत तळापर्यंत नेणं, तीन आठवडे खाते. आषाढी एकादशी ते दसरा हे साधारण तीन महिने, मध्ये अधिक मास आला नाही तर. हिशेबाने चार फेऱ्या बसतात. तीनच धरा, कारण गणपतीत कुणाच्याही घरात मेण वितळत नाही.

पहिली खरेदी वहीची. प्रत्येक बरणीला मास्किंग टेपवर क्रमांक लिहून चिकटवायचा आणि वहीत त्या क्रमांकापुढे तारीख, बरणीचा आतला व्यास, मेणाची पिशवी कोणती, वात कोणती, सुगंध किती टक्के, ओतताना तापमान किती, त्या दिवशी पाऊस होता की कोरडं, एवढं लिहायचं. फोनमध्ये लिहू नका. हात मेणाने बरबटलेले असतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तीन वाती, तीन प्रमाणं, दोन मेणं आणि चार सुगंध एकदम आजमावायला गेलात तर ७२ बरण्या होतात. तेवढं मेणही परवडत नाही आणि तेवढ्या संध्याकाळीही नसतात.

मग बरणी, आणि ती ठरवूनच पुढे जायचं. बहुतेक जण आधी सुगंध निवडतात, कारण त्यात मजा असते. पण वात ठरते ती बरणीच्या आतल्या व्यासावरून, म्हणून बरणी बदलली की आधीची सगळी चाचणी रद्द समजायची. रविवार कारंजा आणि मेन रोडच्या दुकानांत काचेचं पुष्कळ मिळतं. त्यातून सरळ भिंतीची, जाड बुडाची, तोंडाशी न आवळलेली निवडा. आवळलेल्या तोंडात धूर आणि उष्णता कोंडते, काच वर काळी होते. बुडबुडा, ओरखडा किंवा केसाएवढी चीर दिसली की ती बाजूला. नाशिकमध्ये आणखी एक मोह होतो, वाइनच्या रिकाम्या बाटल्या कापून वापरायचा. दिसतात छान, पण कापलेल्या काचेच्या कडेला ताण राहिलेला असतो आणि तासन्‌तास तापल्यावर ती तडकू शकते. त्यांत मनीप्लांट लावा. पातळ बुडाचे शोभेचे पेलेही नकोत. आणि पसंत पडलेल्या बरण्या सणाला लागतील तेवढ्या मिळणार आहेत ना, हे दुकानदाराला आधीच विचारा. ऑक्टोबरमध्ये त्याच मापाची खेप येईलच असं नाही.

बरणीत किती मेण लागेल ते पाण्याने मोजा. काट्यावर रिकामी बरणी ठेवून शून्य करायचं, जिथपर्यंत मेण हवं तिथपर्यंत पाणी भरायचं आणि आकडा वाचायचा. मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्या आकड्याला ०.९ ने गुणायचं. पाणी १६० ग्रॅम भरलं तर मेण आणि सुगंध मिळून १४४ ग्रॅम. सुगंध मेणाच्या ८ टक्के ठेवायचा असेल तर १४४ भागिले १.०८, म्हणजे मेण १३३ ग्रॅम आणि तेल ११ ग्रॅम. तेल चमच्याने किंवा थेंबांनी मोजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यांची दुसरी बरणी पहिलीसारखी होत नाही. एक ग्रॅमपर्यंत खरं सांगणारा डिजिटल काटा हवाच, ०.१ ग्रॅमचा असला तर उत्तम.

बाकीची सामग्री पटकन सांगते. दोन पातेली, एकात पाणी आणि दुसऱ्यात मेण. मेणाचं पातेलं पुन्हा स्वयंपाकात येणार नाही. ओतायला चोच असलेलं भांडं, काचेचा नव्हे तर दांडीचा डिजिटल थर्मामीटर, ढवळायला स्टीलचा चमचा, वात मध्यभागी धरायला आइसक्रीमच्या काड्या किंवा कपड्यांचे चिमटे, वाती बुडाला चिकटवायचे उष्णता सोसणारे स्टिकर, आणि जुने पेपर भरपूर. शेगडीजवळ पातेल्यावर बसेल असं झाकण आधीच काढून ठेवा. मेण पेटलं तर पाणी कदापि टाकायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करून झाकण सरकवायचं. पातेलं थेट आचेवर ठेवून मेण वितळवणं आणि मध्येच फोन घ्यायला गॅलरीत जाणं, दोन्ही बंद.

मेण कुठलं, यावर नाशिकची हवा बोलते. सोया मेण सुगंध चांगला धरतं, पण थंडी-उन्हाच्या चढउताराने त्यावर पांढरी बुरशीसारखी दिसणारी नक्षी येते. ते खराब झालेलं नसतं, तो त्याचा स्वभाव आहे. पॅराफिन, म्हणजे नेहमीचं खनिज मेण, पेटल्यावर वास लवकर पसरवतं आणि तीन-पाच दिवसांत तयार होतं. बरणीसाठीची मेणं मऊ असतात, कित्येकांचा वितळबिंदू पन्नास अंशांच्या आसपासच. मेण आणि वाती बहुधा ऑनलाइन किंवा मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केट परिसरातून येतात. चाचणीपुरतं एक किलो घ्या, पण ठरलं की सणाचं सगळं एकाच खेपेतलं मागवा. वेगळ्या खेपेचं मेण थोडं वेगळं वागतं.

सुगंधी तेल घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. हे मेणबत्तीसाठीचं आहे का? याचं इफ्राचं (सुगंधांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसारचं) प्रमाणपत्र आहे का, आणि त्यात मेणबत्तीच्या म्हणजे बाराव्या वर्गासाठी मर्यादा किती दिली आहे? फ्लॅश पॉइंट किती? हा शेवटचा आकडा वास उडून जाण्याचा नव्हे. त्या तापमानाला तेलाची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते, म्हणून साठवण आणि हाताळणीसाठी तो कळायला हवा. अगरबत्तीच्या सुगंधात अनेकदा पातळ करणारं द्रव्य मिसळलेलं असतं, ते मेणबत्तीत चालत नाही. पाणी किंवा अल्कोहोल असलेली अत्तरं, परफ्यूम तर नाहीच. रंगासाठी मुलांचे मेणखडू खिसून घालायचा सल्ला कुणीतरी देतंच. त्यातली रंगपूड वातीत अडकते आणि ज्योत गुदमरते, म्हणून मेणबत्तीचाच रंग घ्या. चाचणीच्या पहिल्या फेरीत रंगही नको, सुगंधही नको.

प्रमाण ६ टक्क्यांपासून सुरू करा, मग ८, मग १०, पण मेणाच्या पाकिटावर दिलेली मर्यादा ओलांडू नका. जास्तीचं तेल मेण धरत नाही. ते वर घामासारखं येतं किंवा बुडाशी साचतं आणि वात चोंदते. मोगरा आणि केवडा कमी प्रमाणातही खोली भरतात. चंदन हळू बोलतं, त्याला थोडं वाढवावं लागतं. व्हॅनिलाच्या तेलाने मेण काही दिवसांत पिवळसर-तपकिरी पडतं, तेव्हा पांढरीशुभ्र बरणी हवी असेल तर व्हॅनिला सोडा.

आता वात. ज्योतीत जळतं ते मुख्यतः मेण. वितळलेलं मेण वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते. वात बारीक असली की मेण पुरेसं वितळत नाही, मध्येच बोगदा पडतो आणि भिंतीला मेण तसंच राहतं. जाड असली की ज्योत उंच नाचते, धूर निघतो, काच तापते, वातीच्या टोकाला काजळीचा गोळा धरतो. वाती कुणी प्लायच्या, म्हणजे वातीतल्या दोऱ्यांच्या, आकड्याने विकतं, कुणी सीडी, इको अशा मालिकांच्या आकड्यांनी. एका विक्रेत्याचा आकडा दुसऱ्याकडे लागू पडेल असं धरू नका. विक्रेत्याच्या तक्त्यात तुमच्या व्यासासमोर जी वात दिली असेल ती घ्या, शिवाय एक पायरी खाली आणि एक पायरी वर. अशा तीन बरण्या, मेण तेच, सुगंधाविना. ही फेरी मुरवावी लागत नाही, दिवसभर थंड झाल्या की पेटवता येतात. यातून जी वात जिंकेल तिच्यावर सुगंध चढवायचा, आणि मग पुन्हा तिच्या वरची-खालची वात लावून पाहायची, कारण तेल पडलं की मेण घट्ट-पातळ होतं आणि ज्योत बदलते. वातीच्या तळाच्या पत्र्याच्या चकतीला वर नळी असते. ती उंच घ्या, सेंटीमीटरभर. मेण संपत आलं की ज्योत तिथेच भुकेने विझते, काचेच्या बुडापर्यंत जात नाही.

ओतण्याच्या दिवशी खिडकीतून पावसाळी वारा येत असेल तर ती बंद करा. सोया मेण ८० ते ८५ अंशांवर आणून तेल घालायचं आणि दोन मिनिटं सावकाश, न फेसाळता ढवळायचं. मग ५५ ते ६५ अंशांपर्यंत उतरू द्यायचं आणि ओतायचं. नक्की आकडा पाकिटावर असतो. बरण्या कोरड्या, खोलीच्या तापमानाच्या, एकमेकींपासून चार बोटं दूर. खालच्या पातेल्यातली पाण्याची वाफ मेणात उतरू देऊ नका, त्याने ज्योत तडतडते. वर खड्डा पडला तर हॉट एअर गनने वरचा थर हलकेच वितळवा.

खरी चाचणी जाळण्याची. वात प्रत्येक वेळी पाच-सहा मिलिमीटरवर कापा. पंखा बंद. बरणी काट्यावर ठेवून वजन लिहा, मग पेटवा आणि चार तास जाळा. दर तासाला पाहायचं: मेणाचं तळं किती पसरलं, किती खोल झालं, ज्योत स्थिर आहे का, काजळी आहे का, बरणी बाहेरून किती तापली. व्यासाच्या दर अडीच सेंटीमीटरला एक तास, असा अंदाज धरा. सात सेंटीमीटरच्या बरणीत तिसऱ्या तासाच्या आसपास तळं काठाला टेकायला हवं. तळ्याची खोली अर्धा ते सव्वा सेंटीमीटर ठीक. काचेचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहते, आणि साठ अंशांच्या वर गेलं की मी त्या बरणीत एक पायरी खालची वात लावते.

इथे घाई नको. पहिल्या दिवशी भिंतीला मेणाची पातळ कड राहिली म्हणून लगेच जाड वात घेऊ नका. बरणी अर्ध्याच्या खाली गेली की उष्णता आत कोंडते आणि ती कड बहुधा आपोआप वितळते. उलट पहिल्या दिवशी अगदी चोख दिसणारी वात शेवटच्या तिसऱ्या भागात भडकते. म्हणून बरणी तळापर्यंत जाळायचीच, सेंटीमीटरभर मेण उरेपर्यंत, आणि तिथे थांबायचं. जळती बरणी एकटी सोडून संध्याकाळी गोदाकाठावर फिरायला जायचं नाही. एकाच खोलीत बसून होणारं काम हाताशी ठेवा. विझल्यावर पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा वजन करा. चार तासांत २४ ग्रॅम कमी झाले तर तासाला ६ ग्रॅम. १४४ ग्रॅमची बरणी फार तर २४ तासांची. लेबलवर चाळीस तास लिहिण्याचा मोह मग आपोआप आवरतो.

शेवटी एक बरणी चालू पंख्याखालीही जाळून पाहा. घेणारे लोक हॉलमध्ये पंखा लावूनच बसतात. त्यात काजळी धरत असेल तर लेबलवर तशी सूचना हवी.

वासाची परीक्षा स्वतः करू नका. दिवसभर तेलाच्या संगतीत असलेलं नाक थकलेलं असतं. दार बंद केलेल्या दहा बाय दहाच्या खोलीत तासभर जाळा आणि बाहेरून आलेल्या माणसाला आत पाठवा, शेजारच्या काकू चालतील. त्यांना ‘छान येतोय ना?’ असं न विचारता ‘कसला वास येतोय?’ असं विचारा. मोगऱ्याला त्या साबण म्हणाल्या तर तसंच वहीत लिहा. त्या दिवशी घरात धूप, अगरबत्ती आणि हिंगाची फोडणी तिन्ही टाळा. फोडणी टाळणं सर्वांत अवघड. न पेटवता झाकण उघडून येणारा वास वेगळ्या रकान्यात लिहायचा, कारण प्रदर्शनात लोक तोच घेऊन निर्णय करतात.

माल दिवाळीनंतरही विकायचा असेल तर उन्हाळ्याची चाचणी आत्ता पावसाळ्यात करता येत नाही, पण पाऊस उघडला की भरदुपारी बंद गाडीत एक बरणी तासभर ठेवून बघा. नाशिकचा एप्रिल-मे चाळीशीला टेकतो आणि बंद गाडी किंवा कुरिअरचा टेम्पो त्याच्या पुढे जातो. वर तेल सुटलं, वात कलली, तर उन्हाळ्यात धुळे-जळगावकडचे पार्सल घेऊ नका किंवा वितळबिंदू जास्त असलेलं मेण शोधा; मेण बदललं की वातीपासून पुन्हा सुरुवात. फसलेल्या बरण्यांमधलं मेण विक्रीच्या पातेल्यात परत टाकायचं नाही, त्यात सुगंध किती उरला ते कळत नाही. आणि पातेली पेपरने कोमट असतानाच पुसा. गरम मेण मोरीत ओतलं तर पाइपमध्ये गोठतं, आणि दिवाळीच्या तोंडावर प्लंबर मिळत नाही.